आबांनी दिलेला वन्स मोअर

किसनआबा जगदाळे नाटकाला गेले की स्वतःचं तिकीट स्वतःच फाडायचे. दारावरच्या माणसाने हात पुढे केला की म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, तुला जमायचं न्हाई." मग तिकिटाची घडी, घडीवरून नखाची रेघ आणि एका झटक्यात दोन सरळ तुकडे. एक तुकडा त्या माणसाच्या तळहातावर, एक आपल्या खिशात. मागे रांग खोळंबलेली असायची. कुणीतरी "चला की आजोबा" म्हणायचं. आबांना ते ऐकू यायचं नाही. मला यायचं, आणि मी जमिनीकडे बघत उभी राहायचे.

त्या रांगेत उभं राहायची मला अजिबात हौस नव्हती. मी साताऱ्याची. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठी होतं, पण ते 'जेवायला ये' आणि 'लाईट बंद कर' इतपतच. संगीत नाटक ही गोष्ट मी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावर बघितली असेल, तीही पान उलटताना. शिक्षण संपल्यावर सांगलीला एका कानाच्या दवाखान्यात नोकरी लागली. मी डॉक्टर नाही. लोकांची ऐकण्याची तपासणी करायची, कानाचं मशीन बसवायचं, ते त्यांच्या कानाप्रमाणे जुळवून द्यायचं, हे माझं काम. बोलणं कमी आणि समोरचा माणूस बहुतेक वेळा ऐकू न येणारा, म्हणून मला ही नोकरी सोयीची वाटली होती. पहिल्याच वर्षी आबा आले आणि ती सोय संपली.

तपासणीच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच असतं. आबांनी प्रत्येक आवाजाला बटण दाबलं. कागदावर जो निकाल आला तो एखाद्या चाळिशीतल्या माणसाचा होता. मी दार उघडून म्हटलं, "आबा, झालं, बाहेर या." ते जागचे हलले नाहीत. दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत बटण दाबतच होते. मग माझ्या लक्षात आलं की मी आवाज सारख्या अंतराने सोडत होते, आणि पहिल्या दोन-तीन आवाजांत त्यांनी ते अंतर पकडलं होतं.

"एकदा ठेका कळला की झालं की," ते म्हणाले. "त्यात ऐकायचं काय असतंया?"

मी पुन्हा तपासणी केली, या वेळी मुद्दाम आवाज मागेपुढे सोडून. ते वैतागले. "बेताल वाजवतीयास तू. असं कुठं असतंय व्हय?"

खरा निकाल वाईट होता. तोफखान्यात बरीच वर्षं काढलेली, त्यात आता वयाची भर. उजवा कान जवळजवळ गेलेला, डाव्याला जाड आवाज कळायचे, बारीक कळायचे नाहीत. मी त्यांना दोन्ही कानांना मशीन बसवून दिलं आणि जे सांगायचं ते सांगितलं. निदान त्या दिवशी मला तसं वाटलं. मशीन आवाज मोठा करतं. कानाच्या आत जे मेलं आहे ते जिवंत करत नाही. बोलणं समजायला तेवढ्यावर भागतं, गाण्याला भागत नाही. सूर एकमेकांवर सांडल्यासारखे होतात. हे सगळं मला नीट माहीत होतं. तोंडातून निघालं ते इतकंच, "आबा, म्युझिकला थोडं लिमिटेशन राहील."

"ऱ्हाऊ दे की," आबा उदारपणे म्हणाले.

पंधरा दिवसांनी ते परत आले. "बोलणं बराबर हाय, टीव्ही बराबर हाय, एसटीतलं कंडक्टरचं बी ऐकू येतं. नाटकात काय तरी गडबड हाय." मी मशीन संगणकाला जोडून थोडं इकडेतिकडे केलं. आठ दिवसांनी पुन्हा तेच. चौथ्या खेपेला ते थेट आमच्या डॉक्टरांच्या खोलीत शिरले आणि कवायतीच्या आवाजात म्हणाले, "सायेब, तोफेचा नेम हापिसात बसून लावत न्हाईत. या पोरीला माज्याबरोबर थेटरात धाडा." डॉक्टरांना गंमत वाटली. ते म्हणाले, जाऊन या, तुम्हालाही अनुभव. अशा रीतीने एका शनिवारी दुपारी मी लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेऊन माझ्या आयुष्यातलं पहिलं संगीत नाटक बघायला बसले.

ते मला आवडलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला ते फार लांब वाटलं. पडदा वर गेल्यावर सगळे ओळीत उभे राहून देवाला गायले. मग राजा गायला, मग त्याच्या दुःखावर राणी गायली, मग निरोप घेऊन आलेला सेवक, ज्याने निरोप सांगून निघून जायला हवं होतं, तोही गायला. अर्धे शब्द मला कळत नव्हते. जे कळत होते ते आबा आधीच सांगून टाकत होते. ऐकू न येणारा माणूस कुजबुजतो तेव्हा ती कुजबुज नसते. "आता ती येनार बग. पत्र मिळंल. रडंल." चार रांगांपर्यंतची डोकी वळायची. आणि राणी खरोखरच पत्र छातीशी धरून रडायला लागली, सगळं थिएटर शांत झालं, तेव्हा आबांच्या कानातल्या मशीनने बारीक, लांबलचक शिट्टी मारली. लोक आपापले मोबाईल तपासायला लागले. राणीने एक क्षण वर बघितलं. आबा एकटेच शांत होते. तो आवाज त्यांच्या न ऐकू येणाऱ्या पट्टीतला होता.

"तुम्ही हे कसं काय बघता?" मी मध्यंतरात विचारलं. ओरडूनच विचारावं लागलं, त्यामुळे प्रश्न होता त्यापेक्षा उद्धट वाटला.

आबांना राग आला नाही. मिलिटरीतून पेन्शनीत आल्यावर ते आधी माण तालुक्यातल्या आपल्या गावी गेले होते. "गावात करायचं काय? मेंढरं भावाकडं, पाऊस कुणाकडंच न्हाई." चार महिन्यांत कंटाळून सांगलीला आले आणि इथल्या एका जुन्या नाट्यगृहात डोअरकीपर म्हणून लागले. तोवर त्यांनी नाटक बघितलेलं नव्हतं. "पयल्या दिशी मला बी असंच वाटलं, ही माणसं भांडताना बी का गात्यात? मग तिसऱ्या महिन्यात उमगलं. भांडण लवकर मिटू नये म्हणून गात्यात."

वीस वर्षं त्यांनी दाराशी उभं राहून नाटकं ऐकली. बसून एकही नाही. त्यामुळे त्यांची समज वेगळीच होती. रागाचं नाव त्यांना सांगता यायचं नाही, पण कुठल्या पदाला किती माणसं उठून बाहेर जातात हे तोंडपाठ होतं. गाणं चांगलं की वाईट, याचं त्यांचं माप तेच. "ह्या पदाला चार गेली. चार म्हंजी बरं हाय, तेवढ्यांस्नी लघवी लागतीच. धा गेली तर पद पडलं. आन् एक बी गेला न्हाई, तर मी दाराला पाठ लावून हुबा ऱ्हायचो, कुणी जाऊच नये म्हणून." गायक-नटांची नावं त्यांना आठवायची नाहीत. 'शून्यवाली' आणि 'धावाला' अशी त्यांची वर्गवारी होती.

वन्स मोअरबद्दल मात्र ते कडक होते. पद रंगलं की प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' म्हणायचं आणि नटाने चालू प्रसंग थांबवून ते पुन्हा म्हणायचं, ही पद्धत मला फार विचित्र वाटली होती. मेलेला राजा उठून पुन्हा मरतो, हे काय? पण आबांच्या मते तो मान होता, आणि त्या मानाची एक विषारी बहीणही होती. पद पडलं, आवाज फाटला, की मागच्या रांगेतली टवाळ पोरं मुद्दाम 'वन्स मोअर' ओरडायची. गाणाऱ्याला हसण्यासाठी.

"पडलेल्या माणसाला 'आजून एकदा पड' म्हणनं हाय ते," आबा म्हणाले. त्यांनी एकदा अशा दोन कॉलेजकुमारांना चालू अंकात कॉलरला धरून बाहेर काढलं होतं. त्यातला एक थिएटर चालवणाऱ्यांपैकी कुणाचा तरी भाचा निघाला. आबांना माफी मागायला सांगितली. त्यांनी मागितली नाही, आठ दिवस घरी बसले आणि नवव्या दिवशी स्वतःच दारावर येऊन उभे राहिले. "हाकला म्हणलं. कुणी हाकललं न्हाई."

मशीन जुळवायला म्हणून मी पाच नाटकं बघितली. पाचही वेळा नाखुशीने. प्रत्येक वेळी मध्यंतरात बाहेरच्या बाकावर बसून मशीन लॅपटॉपला जोडायचं, काहीतरी बदलायचं, आणि आबांनी पुढच्या पदाला मान हलवायची, "न्हाई. सूर अजून मुसक्या बांधल्यावानी येतुया." मला त्यांचा राग यायचा, मग माझा यायचा. एकदाच स्पष्ट सांगून टाकायचं, की हे कधीच होणार नाही. पण समोर बसलेला तो ताठ पाठीचा म्हातारा, दोन्ही कान माझ्या पुढे करून बसलेला. मी पुन्हा एखादी पट्टी दोन घरं वर सरकवायचे.

त्यांना एवढी घाई का होती ते मला तिसऱ्या नाटकाला कळलं. घरी आबा आणि त्यांची सून, सुनंदावहिनी, अशी दोघंच होती. मुलगा मिलिटरीत, पोस्टिंग लांब. वहिनी आटपाडीकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा भांडी घासताना गुणगुणत होत्या, ते आबांनी ऐकलं. तेव्हा त्यांना ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी ते सुनेला थिएटरात घेऊन गेले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. पुढे त्यांनीच तिला गाणं शिकायला घातलं. सकाळी एका शाळेच्या ऑफिसात काम आणि संध्याकाळी क्लास, अशी वहिनींची बारा वर्षं गेली. एका हौशी मंडळात त्या सख्या आणि दासी करायच्या, मागच्या ओळीत उभ्या राहून गायच्या. आणि आता त्या मंडळाच्या नायिकेने ऐन वेळी अंग काढून घेतलं होतं. भूमिका वहिनींकडे आली होती. जमलं तर पुढची नाटकंही त्यांची. नाही जमलं तर पुन्हा मागची ओळ.

"तिचं दुसऱ्या अंकातलं पद मला ऐकायचं हाय," आबा म्हणाले. "त्येवढं ऐकव. मग बहिरा मेलो तरी तकरार न्हाई."

घरी तालीम चालायची तेव्हा मी एकदा गेले होते. वहिनी पेटीवर बसलेल्या, आबा समोर खुर्चीवर, बोटाने गुडघ्यावर ठेका. मला गाण्यातलं कळत नाही, पण त्या छान गात होत्या. थांबल्यावर त्यांनी सासऱ्याकडे बघितलं.

"सात," आबा म्हणाले.

"सात काय, आबा?"

"सात माणसं भाईर जातील. अंतरा वढतीयास."

वहिनींनी पेटीचा भाता बंद केला. "आवं, कधी तरी चार म्हणा की! तुमच्यासाठी काय दाराला कुलूप घालू?"

"आदी पाच वर आन, मग बघू."

त्या हसल्या. पण चहाचे कप उचलताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मॅडम, ह्यांना खरंच ऐकू येतंय का? का नुसतं माझ्या तोंडाकडं बघून आकडा सांगतात?"

मी म्हटलं, "इम्प्रूव्हमेंट आहे."

प्रयोग रविवारी होता. गुरुवारी आबा दवाखान्यात आले. मी शेवटचं म्हणून जे करता येईल ते केलं. त्यांनी मोबाईलवरचं एक पद लावून बघितलं आणि माझ्याकडे बघत राहिले. बाहेर सहा पेशंट बसले होते. मला घरी जायचं होतं. मी म्हटलं, "आता बरोबर झालंय."

मशीनबद्दलचं ते एकच वाक्य मी त्यांच्याशी मोठ्याने, स्पष्ट, एकही इंग्रजी शब्द न घालता बोलले होते. आबांचा चेहरा उजळला. "मग झालं," ते म्हणाले. "तू सांगितलंस म्हंजी झालं."

रविवारी दुपारी चारचा प्रयोग. आबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खुर्ची बरोबर मधली, पाचव्या रांगेतली घेतली होती. मी त्यांच्या डाव्या बाजूला. थिएटर बऱ्यापैकी भरलं होतं. पहिला अंक ठीक गेला. वहिनी दिसत छान होत्या आणि संवाद नीट म्हणत होत्या.

दुसऱ्या अंकात त्यांचं पद सुरू झालं आणि पहिल्या ओळीतच काहीतरी बिनसलं हे माझ्यासारखीलाही कळलं. आवाज वर कुठेतरी अडकल्यासारखा येत होता. त्यांनी घसा मोकळा केला, पुन्हा तीच ओळ घेतली. अंतऱ्यावर आल्या आणि थांबल्या. शब्द विसरल्या होत्या. ऑर्गनवाल्याने सूर भरून धरला, तबलजी तेच आवर्तन पुन्हा वाजवत राहिला. वहिनींनी पहिलीच ओळ तिसऱ्यांदा म्हटली आणि भलत्याच जागी संपवली. तबला त्यांच्या नंतर एकटाच संपला.

या सगळ्या वेळात मी आबांकडे बघत होते. त्यांचे डोळे मिटलेले होते. चेहरा इतका सुखी मी कधी बघितला नव्हता. बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरत होतं, आणि तो ठेका स्टेजवरच्या तबल्याशी जुळत नव्हता. वहिनी अडखळल्या तेव्हा बोट अडखळलं नाही. ते पुढे निघून गेलं, अंतरा पार करून, वळून परत आलं आणि समेवर थांबलं. तेव्हाच मला त्यांची बाही धरायला हवी होती. माझा हात निघाला होता. पण भरल्या थिएटरात एका म्हाताऱ्याला ओढून बसवायचं, सगळ्यांनी बघायचं, या विचाराने तो मध्येच राहिला.

सभागृहात तीन-चार टाळ्या पडल्या, दयेच्या. मग शांतता. त्या शांततेत आबा उठून उभे राहिले, छाती पुढे काढली आणि परेड मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल अशा आवाजात ओरडले, "वन्स मोअर!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दोन-तीन पोरांनी "वन्स मोअर, वन्स मोअर" सुरू केलं, कुणी शिट्टी मारली, आणि हसू रांगारांगांतून पुढे आलं. आबांना हालचाल दिसत होती, आवाज ऐकू येत होता. ते खूश होऊन मागे वळले आणि दोन्ही हातांनी लोकांना अजून जोरात, अजून जोरात अशी खूण केली.

सुनंदावहिनी सासऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी हात जोडले, अर्धवट, आणि आत निघून गेल्या. स्टेजवर नायक एकटाच उरला. तो बिचारा थोडं थांबून आपलं पुढचं वाक्य बोलला, ते तिच्यासाठी असलेलं वाक्य होतं.

"आत का गेली?" आबांनी मला विचारलं. "पुन्हा म्हणायचं सोडून आत का गेली?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

पुढचा आठवडाभर वहिनी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ताट वेळेवर वाढायच्या, औषध हातात द्यायच्या, पण शब्द नाही. आबा दवाखान्यात येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "लोकांम्होरं घरच्यानं वन्स मोअर दिला म्हणून लाजली असंल. का रुसलीया, सांगंना. तू शेजारी व्हतीस. चल, सांग तिला, मी मनापासून दिला." मला गेल्यावाचून सुटका नव्हती.

वहिनींनी मला बसायला सांगितलं, आबांना नाही. आबा दाराशी उभे राहिले.

"तुम्ही शेजारी होता," वहिनी म्हणाल्या. "मी कशी गायले ते तुम्ही ऐकलं. मंडळवाल्यांनी तर तोंडावर सांगितलं, पुढच्या वेळेला बघू म्हणून. त्याचं मला काही नाही, चूक माझी. पण घरच्या माणसानं उभं राहून टवाळी करावी? रोज सात माणसं, सात माणसं. तेवढ्यानं पोट भरलं नाही?"

मी खाली बघून हळू आवाजात सगळं सांगितलं. की आबांना सूर ऐकूच येत नाहीत. आले नव्हते आणि येणारही नाहीत. त्या दिवशी ते दुसरंच काहीतरी ऐकत होते, पाठ असलेलं.

"काय म्हणतीया ती?" आबा दारातून म्हणाले. "मोठ्यानं बोल की!"

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"मी त्यांना सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"लिमिटेशन आहे म्हणून."

"त्यांना वाटलं असंल, ते सेलच्या कंपनीचं नाव हाय," वहिनी म्हणाल्या. माझ्याशी बोलताना त्या गावाकडच्या बोलीवर कधी येत नसत, रागात आल्या. "आता सांगा. हितं हायेत ते. सांगा त्यांना."

मी तोंड उघडलं. आबा माझ्या ओठांकडे बघत होते, गुरुवारी बघत होते तसेच. मी ते पुन्हा मिटलं. वहिनी उठल्या, सासऱ्याच्या डाव्या कानाशी गेल्या आणि शेजारच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडल्या, "आबा! वाईट गायले मी! तुमाला ऐकू आलं न्हाई!"

आबा सरळ उभे राहिले. "किती वाईट?"

"लय!"

"अंतरा?"

"विसरले!"

"सम?"

"चुकली!"

"लोकं हसली ती?"

"मलाच हसली!"

आबांनी विचारलं, आमच्या दोघींपैकी कुणालाच नाही, "मग मी ऐकलं ती कोण गात व्हती?"

आबांनी स्वतःच्या शर्टाची कॉलर मुठीत धरली, ओढली आणि सोडून दिली. "मला कुणी तरी भाईर काढाय पायजे व्हतं," ते म्हणाले. वहिनी रडायला लागल्या तशी मी चप्पल घालून निघाले. मला कुणी थांब म्हटलं नाही.

सोमवारी ते मशीन परत द्यायला आले. डबी कापडाने पुसलेली, उरलेले सेल एका ओळीत कागदात गुंडाळलेले. "सामान जमा करून घे."

"बोलण्यासाठी तरी ठेवा, आबा. बोलण्याला ते उपयोगी आहे."

"तू मला आदी का न्हाई सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला?" ते म्हणाले. "मिल्ट्रीत असा रिपोर्ट देत न्हाईत, पोरी. तोफ फुटली तर फुटली म्हणायचं. न्हाईतर दुसरा मानूस तिच्यापाशी जाऊन हुबा ऱ्हातो."

त्यांनी जे म्हणायचं ते म्हटलं आणि ते चिडलेलेही दिसत नव्हते, त्याचा मला जास्त त्रास झाला. निघताना दारापर्यंत गेले, परत आले आणि डबीतलं डाव्या कानाचं मशीन तेवढं उचलून खिशात टाकलं. "सूनबाई आता भांडाय लागलीया. ऐकाय लागंल."

त्यानंतर वर्ष संपायच्या आत मी नोकरी बदलून साताऱ्याला परत आले. निघण्याआधी वहिनींनी एका नाटकाचा पास पाठवला होता. चिठ्ठी नव्हती, नुसता पास. मला जायचं नव्हतं, तरी गेले. वहिनी सखीच्या भूमिकेत होत्या, पण एक पद त्यांच्या एकटीचं होतं. मी चौथ्या रांगेत बसले होते. आबा पहिल्या रांगेत, स्टेजच्या इतके जवळ की पडदा हलला की त्यांच्या गुडघ्याला लागेल असं वाटत होतं. डाव्या कानात मशीन नव्हतं, गाण्यापुरतं काढून ठेवलं असावं. वहिनी गायला लागल्यावर त्यांनी डोळे मिटले नाहीत. ते तिच्या तोंडाकडे, गळ्याकडे बघत होते. बोटं मांडीवर स्वस्थ.

पद झालं. नेहमीच्या टाळ्या पडल्या. आबा खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळले आणि लोकांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत मला शोधून काढलं. मग भुवया उंचावल्या. कसं झालं?

वाईट झालं नव्हतं. फार चांगलंही झालं नव्हतं. मला मान डोलावता आली असती, हसता आलं असतं. शेजारची दोन माणसं माझ्याकडे बघायला लागली होती. मी हात वर केला, पंजा आडवा धरला आणि इकडून तिकडे हलवला. ठीकठीक.

आबांनी तो हात नीट बघून घेतला. एकदा मान हलवली, पुन्हा समोर वळले, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पुढचं बघत बसले.